बाबा, थर्मोकोल आणि २०३५

एका चुकलेल्या आकड्यावरून आमच्या घरात पंधरा वर्षांहून जास्त काळ शीतयुद्ध सुरू आहे. आता त्यात बाबांच्या पीएफचे पैसे अडकायची वेळ आलीये!

रविवार सकाळ. कांदेपोहे, दुसरा चहा आणि डायनिंग टेबलवर पसरलेलं एक चकचकीत ब्रोशर. रेवदंड्याजवळ प्लॉट. नारळाची तीन झाडं, मागे निळाशार समुद्र, 'बीचपासून चालत फक्त चार मिनिटं'. बाबा गेल्या वर्षी बँकेतून रिटायर झाले. ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला आता अंगण हवंय, अंगणात पेरू हवाय आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला वाळू हवीये. त्यात चूक काय?

माझं तोंड मात्र गप्प बसेना. "बाबा, इतक्या जवळ? समुद्राची पातळी वाढतेय हो. तीस-चाळीस वर्षांनी..."

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आमच्याकडे हा धोक्याचा भोंगा असतो.

"तुझं ते २०३५ आठवतंय ना?"

संपलं! या एका वाक्यावर माझ्या आयुष्यातले किमान पन्नास वाद बंद पडलेत. एसी चोवीसवर ठेवा म्हटलं, २०३५. गाडी डिझेलची नको म्हटलं, २०३५. आईने एकदा नुसतं "यंदा उकाडा जास्तच आहे नाही?" म्हटलं, तर पेपरामागून आवाज आला, "विचार तुझ्या लेकीला, २०३५ पर्यंत थंड होईल."

तर या २०३५ ची स्टोरी आधी सांगायलाच हवी.

डिसेंबर २००९. मी सातवीत. शाळेचं विज्ञान प्रदर्शन. माझा विषय होता 'वितळणारा हिमालय'. बाबांनी दोन रात्री जागून थर्मोकोलचा हिमालय कापला. वर कापसाचा बर्फ, खाली निळ्या जिलेटिन पेपरची गंगा, मागे लाल बल्ब. (पर्यावरणाचं प्रोजेक्ट आणि थर्मोकोलमध्ये! पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.) समोर चंदेरी चमकीत मोठ्ठे आकडे: २०३५. 'या वर्षी हिमालयातल्या सगळ्या हिमनद्या नष्ट होणार!' हे मी आलेल्या प्रत्येक पालकाला छाती पुढे काढून सांगत होते. तिसरं बक्षीस मिळालं. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१० मध्ये, पेपरात बातमी आली. २०३५ चा आकडा चुकीचा होता. छापणाऱ्या संस्थेने खेद व्यक्त केला होता. बाबांनी बातमी वाचली, कात्रीने नीट कापली आणि माझ्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये लावली. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "कुणी तपासलंच नव्हतं वाटतं?"

त्या दिवसापासून बाबांच्या लेखी हा अख्खा विषय 'अनटॅलीड' आहे.

व्हाऊचर कुठंय?

बाबांची शेवटची दहा वर्षं बँकेच्या इन्स्पेक्शन डिपार्टमेंटमध्ये गेली. एखाद्या शाखेत जायचं, एन्ट्री काढायची आणि शांतपणे विचारायचं, "व्हाऊचर कुठंय?" व्हाऊचर नाही तर एन्ट्री नाही. मॅनेजर कितीही गोड बोलो.

म्हणून या वेळी मी ठरवलं, वाद घालायचा नाही. इन्स्पेक्शन करायचं. २०३५ चंच!

आता थोडी पार्श्वभूमी. आयपीसीसी ही युनोची संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. ती स्वतः प्रयोग करत नाही. जगभर प्रसिद्ध झालेलं हवामानाचं संशोधन वाचायचं, तोलायचं आणि काही वर्षांनी एकदा त्याचा ताळेबंद मांडायचा, हे तिचं काम. २००७ चा ताळेबंद चौथा. त्याच वर्षी आयपीसीसीला अल गोर यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळालं. अध्यक्ष होते आपले राजेंद्र पचौरी. म्हणजे इज्जत एकदम पीकवर!

या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियावरच्या दहाव्या प्रकरणात एक परिच्छेद होता. त्याचा अर्थ असा, की हिमालयातल्या हिमनद्या याच वेगाने आटल्या तर २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, नाहीशा होण्याची शक्यता खूप जास्त आहे. आता व्हाऊचर बघूया. परिच्छेदात संदर्भ दिला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या २००५ च्या एका अहवालाचा. हा शास्त्रज्ञांनी तपासलेला शोधनिबंध नव्हे, संस्थेचा प्रचार-अहवाल. बरं, डब्ल्यूडब्ल्यूएफचं व्हाऊचर? १९९९ मधला 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकातला लेख. आणि त्या लेखाचं व्हाऊचर? दिल्लीच्या जेएनयूमधले हिमनदी-अभ्यासक सय्यद हसनैन यांच्याशी झालेलं बोलणं. हसनैन यांच्या स्वतःच्या अहवालात हे साल नव्हतंच. तो अंदाज होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

म्हणजे बघा, प्रत्येकाने व्हाऊचर म्हणून शेजाऱ्याचं पासबुक दाखवलं. शेवटच्या खिडकीवर गेलो तर तिथे फक्त गप्पा!

आणखी एक भारी गोष्ट. रशियन शास्त्रज्ञ कोत्ल्याकोव्ह यांनी १९९६ मध्ये जगातल्या ध्रुवांबाहेरच्या हिमनद्यांबद्दल लिहिलं होतं, की त्यांचं क्षेत्रफळ ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल. कधी? २३५० मध्ये. आयपीसीसीच्या त्या परिच्छेदात हेच ५ लाख आणि १ लाख आहेत. फक्त साल २०३५ आणि ठिकाण हिमालय! हिमालयात मुळात एवढा बर्फच नाही. २३५० चं २०३५ नेमकं कुठल्या टेबलवर झालं यावर लोकांचे तर्क आहेत, पण आकडे समोरासमोर ठेवले की काय घडलं असेल ते दिसतं.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. पोह्यांची प्लेट बाजूला सरकली. लाल पेन बाहेर आलं. (रिटायर होतानाही बाबांनी तो पेन परत केलेला नाही.)

"पुढे?"

पुढे त्याच प्रकरणातला एक तक्ता. पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटली. वेग दिलाय वर्षाला १३५.२ मीटर. बाबांनी पेपरच्या समासात भागाकार मांडला. १९६६ वजा १८४५ म्हणजे १२१. २,८४० भागिले १२१, साडेतेवीस मीटर. मग १३५ कुठून आले? दोन मिनिटं शांतता. मग बाबा असे काही हसले, की आई किचनमधून बाहेर आली.

"अगं, २१ ने भागलंय! शंभर खाल्ले!"

खरंच. १२१ ऐवजी २१. जवळपास हजार पानांच्या खंडात हे कुणाच्या नजरेतून सुटू शकतं, हे मला पटतं. पण नोबेलवाल्यांकडून? ते मात्र सातवीतल्या मला आजही झेपत नाही.

चूक पकडली कुणी?

इथे आमच्या घरच्या वादातला खरा लोच्या आहे. बाबांना वाटत होतं, की 'विरोधकांनी' हे उघडं पाडलं. मलाही नेमकं माहीत नव्हतं.

चूक पकडली ती हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच. कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कॉग्ली यांनी संदर्भांची ही साखळी मागे मागे जात शोधली. ऑस्ट्रियाचे गेऑर्ग कासर तर म्हणाले, की मी २००६ मध्येच, छापण्याआधी, सावध केलं होतं. मसुदा तपासायला आला तेव्हा जपान सरकारनेही त्या वाक्याबद्दल विचारणा केली होती, की याची खात्री किती? प्रश्न आला होता, उत्तर नीट गेलं नाही. गंमत म्हणजे त्याच अहवालाच्या पहिल्या खंडात बर्फावर वेगळं प्रकरण आहे, हिमनदीतज्ज्ञांनी लिहिलेलं. त्यात २०३५ नाही. सरकारांसाठी केलेल्या सारांशातही नाही. ते होतं फक्त त्या एका परिच्छेदात, आणि माझ्या थर्मोकोलवर.

पण चुकीपेक्षा जास्त नुकसान केलं ते तोऱ्याने. नोव्हेंबर २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. लेखक होते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना. त्यांचं म्हणणं, हिमालयातल्या हिमनद्या जगावेगळ्या वेगाने आटताना दिसत नाहीत. गंगोत्री तर २००७ ते २००९ मध्ये जवळपास जागच्या जागी आहे. पचौरींनी या टिपणाला चक्क 'वूडू सायन्स' म्हटलं. म्हणजे जादूटोणा! दोन महिन्यांत आयपीसीसीला स्वतःच्या परिच्छेदाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. टायमिंग बघा.

त्याच नोव्हेंबरात इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून हजाराहून जास्त ई-मेल्स चोरून जाहीर करण्यात आल्या होत्या. त्यात शास्त्रज्ञ आकडेवारीची 'ट्रिक' वगैरे भाषा वापरत होते. कोपनहेगनच्या परिषदेच्या तोंडावर हा फटाका फुटला. नंतर तिथे एकामागोमाग चौकश्या झाल्या. आकडे बनवल्याचं कुणालाही आढळलं नाही, माहिती लपवून ठेवण्याच्या वृत्तीवर मात्र ताशेरे बसले. पण चौकशीचा निकाल कोण वाचतो? आरोपाची बातमी पहिल्या पानावर, निकालाची अकराव्या पानाच्या कोपऱ्यात. हा आमच्या धंद्याचा जुना नियम.

"मग तो रैना बरोबर होता ना?" बाबा.

अर्धा. २०३५ चूक आहे, हे बरोबर. पण हिमनद्यांना विशेष काही झालेलं नाही, हे पुढे टिकलं नाही. आणि ते कसं कळलं, हा प्रकार फिल्मी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेचे हेरगिरी करणारे उपग्रह हिमालयावरून फोटो काढत फिरत होते. त्यांना शेजाऱ्यांच्या भानगडी बघायच्या होत्या, त्यात हिमनद्याही टिपल्या गेल्या. ते फोटो नंतर खुले झाले. संशोधकांनी ते नव्या उपग्रहांच्या माहितीशेजारी ठेवले आणि ६५० हिमनद्या मोजल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: १९७५ ते २००० मध्ये जेवढ्या वेगाने बर्फ जात होता, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने तो २००० नंतर जातोय. काठमांडूच्या आयसीआयएमओडी या संस्थेने त्याच वर्षी सांगितलं, की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला सुमारे एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर गेलेला असेल. नाही रोखली तर दोन तृतीयांश.

म्हणजे दिशा तीच, तारीख चुकीची. पण घर घेणाऱ्या माणसाला तारीखच तर महत्त्वाची असते!

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आधीच हे का नाही सांगितलं? हेसुद्धा पुरेसं भीतिदायक आहे की."

माझ्याकडे याचं उत्तर नाही.

ऑफिसमध्ये एसी अठरावर

तुमच्या ऑफिसमध्येही हे चाललेलं असणार. मी ज्या को-वर्किंग स्पेसमध्ये बसते तिथे एसीच्या रिमोटवरून रोज महायुद्ध होतं. एक डेटावाला मित्र आहे. तो म्हणतो, पृथ्वी कायमच गरम-थंड होत आलीये, चिल! एक ब्रँडिंगवाली मैत्रीण आहे. तिचा मुद्दा वेगळा: "मी स्वतः तीन प्रॉडक्ट्सवर 'ग्रीन' लिहिलंय यार. मला माहितीये ते कसं लिहितात. मग बाकीच्यांवर विश्वास का ठेवू?" आणि एक जण नेहमीचा विनोद मारतो, की वेधशाळेला उद्याचा पाऊस सांगता येत नाही, शंभर वर्षांनंतरचं काय सांगणार!

हा शेवटचा विनोद आपल्याकडे पिढीजात आहे. वेधशाळेने मुसळधार सांगितलं की कपडे गच्चीवर वाळत घालावेत, हे मला आजीने शिकवलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. असा पाऊस येतोय हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. गळाभर पाण्यातून घरी आलेल्या माणसाने वेधशाळेवर का विसंबावं?

पण उद्याचा पाऊस आणि तीस वर्षांचं हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबांच्याच भाषेत सांगायचं तर उद्या काउंटरवर किती कॅश येईल हे कुठलाही मॅनेजर छातीठोक सांगू शकत नाही. दिवाळीच्या महिन्यात विथड्रॉवल वाढणार हे मात्र शिपाईसुद्धा सांगतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये फक्त भारतापुरता असा ताळेबंद मांडला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलंय. परदेशी संस्थेवर विश्वास नाही म्हणणाऱ्यांसाठी हे डेक्कनपासून रिक्षाने जाता येईल इतकं जवळचं व्हाऊचर!

आणि ब्रँडिंगवाल्या मैत्रिणीचा संशय? तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. कारण या विषयात संशय हे खरोखरच एक प्रॉडक्ट म्हणून विकलं गेलंय. सिगारेट कंपन्यांनी हा फंडा आधी वापरला: धूम्रपान सुरक्षित आहे हे सिद्ध करायची गरज नाही, 'अजून नक्की कळलेलं नाही' एवढं लोकांना वाटलं की धंदा चालू राहतो. तेलाच्या बाबतीत तर २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक हिशेब आला. एक्सॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेली तापमानवाढीची भाकितं तपासली, तर त्यातली ६३ ते ८३ टक्के पुढे बरोबर निघाली. आणि बाहेर मात्र कंपनी वर्षानुवर्षं सांगत राहिली, की विज्ञान अजून कच्चं आहे. घरातली वही वेगळी, इन्कम टॅक्सला दाखवायची वेगळी!

उलटा किस्साही आहे. अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींवर शंका होती. शहरं वाढली म्हणून थर्मामीटर गरम दाखवतात का, केंद्रं मुद्दाम निवडलीत का? त्यांनी टीम जमवली आणि सगळं मुळापासून पुन्हा मोजायला घेतलं. देणगीदारांमध्ये तेलाच्या पैशातून उभं राहिलेलं कोक फाउंडेशनही होतं. २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीरपणे सांगितलं, की तापमान खरंच वाढतंय आणि ते जवळपास पूर्णपणे माणसामुळे. मला हा माणूस आवडतो. शंका घेतली, मग खपला, मग मत बदललं. आपण पहिल्या पायरीवरच चहा मागवतो.

प्रश्नचिन्हाचं हेल्मेट

आता माझा कबुलीजबाब.

ऑक्टोबर २०१९. मास कॉम करून नुकतीच बाहेर पडले होते. एका न्यूज पोर्टलवर पहिली नोकरी, दिवसाला आठ स्टोऱ्या. एका अमेरिकन संस्थेच्या अभ्यासावरून केलेला मुंबईचा नकाशा आला. २०५० ची मुंबई, जवळजवळ अख्खी दक्षिण मुंबई पाण्याच्या रंगात. मी चाळीस मिनिटांत स्टोरी पाडली. हेडिंग: '२०५० पर्यंत मुंबई समुद्रात गडप?' शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह म्हणजे आमच्या धंद्यातलं हेल्मेट. काहीही लिहा, डोकं सेफ!

स्टोरी जाम चालली. बाबांनीही वाचली. काही बोलले नाहीत. फाइल काढली, सर्टिफिकेटमागचं ते पिवळं कात्रण माझ्यासमोर ठेवलं आणि झोपायला गेले.

मूळ अभ्यास मी उघडलाच नव्हता. नंतर, खूप नंतर उघडला. त्याचा मुख्य मुद्दाच वेगळा होता. जमिनीच्या उंचीची जुनी उपग्रह-माहिती इमारतींच्या गच्च्या आणि झाडांचे शेंडे हीच जमीन समजत होती. त्यामुळे किनारे आहेत त्यापेक्षा उंच दिसायचे. संशोधकांनी ती चूक दुरुस्त केल्यावर धोक्याच्या पातळीखालची वस्ती कितीतरी वाढली. भारतात २०५० साठीचा आकडा ५० लाखांवरून ३ कोटी ६० लाखांवर गेला. पण ही पातळी होती वर्षातून सरासरी एकदा पुराचं पाणी येऊ शकेल अशी. शहर कायमचं बुडणार असं त्यात नव्हतं. समुद्राला घातलेल्या भिंती, बांध वगैरे हिशेबात धरलेले नव्हते. हे सगळं त्यांनी लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

म्हणजे २३५० चं २०३५ करणाऱ्या अनोळखी माणसावर मी हसू शकत नाही. तो माझ्याच खुर्चीत बसला असणार, समोर डेडलाइन घेऊन.

हे मी त्या रविवारी बाबांना पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "हं." मग म्हणाले, "आता बरोबर काय ते काढ."

सरळव्याज की चक्रवाढ?

मग आम्ही दोघं बसलो. आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल, माझा लॅपटॉप, बाबांचं लाल पेन. २०३५ च्या गोंधळानंतर २०१० मध्येच जगातल्या विज्ञान अकादमींच्या समितीने आयपीसीसीचं इन्स्पेक्शन केलं होतं, आणि न तपासलेल्या स्रोतांबाबत नियम कडक करायला सांगितलं होतं, हे ऐकून बाबांचा चेहरा जरा सैल झाला. त्याहून त्यांना आवडली ती शब्दांची यादी. या अहवालांत 'लाइकली' म्हणजे ६६ टक्क्यांहून जास्त शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० हून जास्त. "हे पेपरात का छापत नाही तुम्ही?" घ्या, आज छापलं.

आकडे असे. १९०१ ते २०१८ मध्ये जगातल्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वाढली. १९७१ पर्यंतचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर. २००६ ते २०१८ चा ३.७.

बाबांनी लगेच गुणाकार केला. ३.७ गुणिले ३०. "अकरा सेंटिमीटर. एवढंच? माझी वीत याहून मोठी आहे."

"बाबा, १.३ चे ३.७ झालेत. सरळव्याजाने कसं काढता?"

बँकेच्या माणसाला चक्रवाढ समजावून सांगावी लागत नाही. पेन थांबलं. शतकाअखेरचा अंदाज त्यांनी स्वतः वाचला: १९९५ ते २०१४ च्या सरासरीपेक्षा २८ ते ५५ सेंटिमीटर जास्त, जर जगाने उत्सर्जन झपाट्याने कमी केलं तर. नाहीच केलं आणि वाढवलं, तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर. शिवाय खाली एक ओळ, की ध्रुवांवरच्या बर्फाबद्दल अजून पुरतं कळलेलं नाही, त्यामुळे याहून जास्तही नाकारता येत नाही.

"हे बरं आहे," बाबा म्हणाले. "कळलं नाही तिथे कळलं नाही लिहिलंय."

आणि सपाट वाळूवर एक वीत पाणी वर चढलं तर ते आत किती येतं, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार! त्यावर उधाण, त्यावर वादळ.

वादळावरून मला आत्याची आठवण झाली. श्रीवर्धनची. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आदल्या दिवशी बाबांनी तिला चार फोन केले होते. ती ऐकेना. "हे काय नेहमीचंच, वेधशाळावाले घाबरवतात." शेवटी बाबा तिच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती शेजाऱ्यांबरोबर शाळेच्या पक्क्या इमारतीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कौलं उडाली, सुपारीची बाग आडवी झाली. आत्या शाळेत होती.

"तेव्हा व्हाऊचर नाही मागितलंत तुम्ही," मी म्हटलं.

"अगं, ते वादळ सॅटेलाइटवर दिसत होतं!"

"बाबा... हिमनद्या कुठे दिसतात?"

आई किचनमधून जोरात खोकली. बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. या वेळी पुढचं वाक्य मात्र आलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी एजंटला फोन लावला. स्पीकरवर. "भरतीच्या रेषेपासून प्लॉट किती उंच आहे?"

"काका, सी-व्ह्यू एकदम झकास आहे."

"ते कळलं. उंची किती? निसर्गच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं?"

"काका, सीआरझेड क्लिअर आहे, टेन्शनच घेऊ नका."

"जोतं किती वर घ्यावं लागेल?"

"मी विचारून सांगतो."

बाबांनी ब्रोशरवर तीन प्रश्न लिहिले आणि तिन्हींपुढे लाल शाईत 'उत्तर नाही'. टोकन द्यायची तारीख १५ आहे. हे लिहितेय तेव्हा ११ तारीख, आणि एजंटचा फोन आलेला नाही. बाबांना प्लॉट अजूनही हवाच आहे. पेरूच्या कलमाचीही चौकशी करून झालीये. गावातच, पण वरच्या अंगाला, टेकडीच्या बाजूला काही मिळतंय का, असं आत्याकडे हळूच विचारल्याचंही मला कळलंय. तिथून समुद्र दिसत नाही म्हणे.

हा लेख मी काल त्यांना वाचायला दिला होता. परत आला तो दोन ठिकाणी लाल गोल करून. एक, पिंडारीच्या भागाकारात मी ढोबळ साडेतेवीस लिहिलंय, नेमकं २३.४७ हवं. दोन, विज्ञान प्रदर्शनात तिसरं नव्हे, उत्तेजनार्थ बक्षीस होतं.

सर्टिफिकेट काढून बघितलं. बाबा बरोबर आहेत.